शर्यत पाहणाऱ्या वानखडेबाई

वानखडेबाईंना मोटारसायकल चालवता येत नव्हती. साधी सायकलही येत नव्हती. राजापेठेतल्या त्यांच्या खोलीपासून आमच्या शाळेपर्यंत त्या पायी यायच्या. पाऊस फारच असला तर सायकलरिक्षा करायच्या आणि प्रत्येक वळणावर रिक्षावाल्याला "हळू रे बापा, हळू" म्हणत घट्ट डोळे मिटून बसायच्या. मागून एखादा दूधवाला घंटी वाजवत आला तर पदर सावरून पार गटारापलीकडे जाऊन उभ्या राहायच्या.

आणि याच बाई, मोटारसायकलच्या शर्यतीची डाक्युमेंटरी कुठे लागली आहे असं कळलं, की अमरावतीहून अकोल्याला जायच्या.

मी त्यांच्याबरोबर मुलींच्या शाळेत होते. त्या गणिताच्या, मी मराठीची. त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, ठेंगण्या, सावळ्या, आणि हसल्या की डोळे पूर्ण नाहीसे होणाऱ्या. फळ्याकडे तोंड असलं की त्यांची भाषा पुस्तकातली असे. "समजा, एका चाकाचा परीघ इतका आहे." वर्गाकडे तोंड वळलं की, "समजलं का व पोट्टीहो? नसन समजलं त सांगा, मले राग येत नाही." खरंच येत नसे. गणित चुकलेल्या मुलीला त्या फळ्याशी बोलवायच्या, तिची चूक सगळी वाचायच्या आणि म्हणायच्या, "इथवर बरोबर आली. इथं घसरली. उठ, झटक, पुढं चाल." घसरणं, झटकणं, पुढे चालणं ही सगळी भाषा कुठून आली होती ते आम्हाला ठाऊक होतं.

ती आली होती रहीमभाईंच्या गाडीतून.

रहीमभाई एका तेल कंपनीची सिनेमाची गाडी घेऊन वऱ्हाडभर फिरायचे. गाडीत प्रोजेक्टर, गुंडाळलेला पडदा आणि फिल्मचे गोल डबे. दर्यापूरकडे शेतकऱ्यांना ट्रॅक्टरची निगा दाखवायची, वरूडला संत्र्यांवरच्या किडीची फिल्म दाखवायची, आणि शाळांमध्ये हिवताप, दात, स्वच्छ पाणी. सगळं फुकट. शेवटी कंपनीच्या तेलाची दोन वाक्यं जाहिरात.

त्या दिवशी आमच्याकडे दातांची फिल्म होती. मोठ्या बाईंनी म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी सभागृहाच्या खिडक्यांना घोंगड्या लावून घेतल्या होत्या. मार्चचा महिना, भर दुपार, आत सगळी शाळा कोंबलेली. मुली वह्यांनी वारा घेत होत्या. दिवे गेले, पडद्यावर आकडे उमटले आणि दातांऐवजी एकदम असा आवाज झाला की पहिली रांगच्या रांग किंचाळली! डबा बदलला होता. पडद्यावर विलायतेजवळच्या कुठल्याशा बेटावरचा रस्ता होता. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, आणि त्यामधून चामड्याचे कपडे घातलेली माणसं मोटारसायकलींवर पालथी पडून वाऱ्यासारखी चालली होती.

"बंद करा!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"करतो जी," म्हणत रहीमभाई उठले. तेवढ्यात मागून आवाज आला, "राहू द्या हो बाई. दात कुठं पळून जाते? पुढच्या महिन्यात पाहू."

त्या वानखडेबाई होत्या. उभ्या होत्या. खुर्चीच्या पाठीला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं आणि पडद्यावरचा स्वार डावीकडे कलला तसा त्यांचा खांदाही डावीकडे गेला होता. मोठ्या बाई काही म्हणेपर्यंत सगळी शाळा डावीकडे कलली होती.

त्या फिल्ममध्ये बाईंना काय काय आवडलं ते मी पुढे शंभर वेळा ऐकलं. एक तर जोडगाडी. मोटारसायकलच्या बाजूला चाकावर एक पाटासारखी फळी आणि तिच्यावर दुसरा माणूस. वळण आलं की तो माणूस फळीबाहेर लटकून आपलं वजन टाकायचा. जमिनीला त्याचं डोकं लागतं की काय असं वाटायचं. बाई मला म्हणायच्या, "संसार असाच असते नलू. एकानं हँडल धरायचं, एकानं लटकायचं. अन् वळन बदललं का लटकनाऱ्यानं बाजू बदलायची. भांडत बसलं त दोघंही कुंपनात."

दुसरी एक म्हातारी. शर्यतीच्या रस्त्याला लागूनच तिचं घर. ती दारात खुर्ची टाकून लोकर विणत बसलेली, आणि तिच्या पायांपासून हातभर अंतरावरून गाड्या गर्जत जातात. म्हातारी मान वर करत नाही. टाके मोजते. "हे पाह्य," बाई म्हणायच्या, "याले म्हनते शांती. डोंगरात जायची गरज नाही."

आणि तिसरा, ज्याच्यासाठी ती फिल्म त्या पुन्हा पुन्हा पाहत, तो शेवटून पहिला. त्याची गाडी बिघडलेली. बाकी सगळे पुढे गेलेले. तो उतरून गाडी हाताने ढकलत चढ चढतो आहे. चेहरा तेलाने काळा, एका बुटाचा तळ सुटलेला. कॅमेरा त्याच्याकडे थोडा वेळ पाहतो आणि मग लगेच पहिल्या आलेल्याकडे जातो. हार, बँड, टोपीवाले साहेब. ढकलणारा पोचला की नाही ते फिल्ममध्ये नाहीच.

"पह्यला कोन आला ते सारं जग सांगते," बाई म्हणायच्या. "याचं कोनी सांगत नाही. मले याचीच काळजी."

पुढच्या महिन्यात रहीमभाई दातांची फिल्म घेऊन आले. जाताना हळूच म्हणाले, "बाईजी, वो दूसरा डब्बा भी गाडी में पडा है." आणि तेव्हापासून दर खेपेला आधी आरोग्य आणि मग शर्यत असा आमच्या शाळेचा रिवाज पडला. दुसऱ्या शर्यतीही आल्या. पावसातल्या, चिखलातल्या, बर्फाच्या डोंगरातल्या. बाईंनी वर्गात त्यांवर गणितं घातली. नववीच्या मुली वर्तुळाचा परीघ काढताना तोंडाने घर्र आवाज करायच्या.

एकदा रहीमभाई स्वतःच्या कामासाठी कुणाची तरी मोटारसायकल घेऊन आले होते. त्यांनी बाईंना अदबीने विचारलं, "बैठोगे क्या बाईजी? मैदान का एक चक्कर."

बाई तीन पावलं मागे सरकल्या. "ना बापा! मले चालवाची नाही, बसाची नाही. मले पाहाची आहे."

"इतना शौक, और बैठना नहीं?"

"गानं ऐकनाऱ्याले कोनी म्हनते का, तू गाय म्हनून? ऐकनारंही कोनी पाहिजे ना!"

बाई छप्पनच्या दीक्षेला नागपूरला गेल्या होत्या. पांढरं लुगडं नेसून, नवऱ्याबरोबर, पायाला फोड येईतो चालून. त्याबद्दल त्या फार बोलत नसत. एकदाच मला म्हणाल्या, "त्या दिवशी इतके लोक होते, अन् कोनी कोनाले ढकलत नोतं." त्यानंतर वर्षभराने त्या आमच्या शाळेत आल्या, तेव्हा शिक्षकांच्या खोलीतल्या माठावर अचानक एक वेगळा पेला येऊन बसला. कुणी ठेवला ते कुणी बोललं नाही. बाईंनीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरून एक मोठी सुरई घेऊन आल्या, माठाशेजारी खिडकीत ठेवली, तिला ओलं फडकं गुंडाळलं आणि आत वाळ्याची जुडी टाकली. अमरावतीच्या उन्हाळ्यात वाळ्याचं पाणी! पहिल्या आठवड्यात चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "थोडं घेऊ का?" दुसऱ्या आठवड्यात शिपाई गणपत घ्यायला लागला. मे उजाडेपर्यंत माठ भरलेलाच राही आणि सुरई मधल्या सुटीआधी कोरडी. शेवटी बाईंनीच कुरकुर केली, "अवं, मलेबी ठेवा थोडं! नाही त मले त्या माठातलं प्या लागन." त्या हसल्या, डोळे नाहीसे झाले, आणि आम्हीही हसलो. तो वेगळा पेला पुढे खडू ठेवायला वापरला गेला.

बाईंचे यजमान अकोल्याला मालधक्क्यावर कारकून होते. कापसाच्या गाठी मोजायचं काम. दोघांच्या नोकऱ्या दोन गावांत, म्हणून संसार रविवारचा. शनिवारी शाळा सुटली की बाई बडनेऱ्याहून पॅसेंजर धरायच्या. मूर्तिजापूरला भजी घ्यायच्या, आणि अकोल्याच्या फलाटावर वानखडे वाट पाहत उभे असायचे. उंच, किडकिडीत, अतिशय कमी बोलणारा माणूस. अकोल्याच्या एका टॉकीजमध्ये रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा असे, आणि त्याआधी कधी कधी शर्यतीची डाक्युमेंटरी. ते कळवायचं काम वानखड्यांचं.

मी एकदोनदा त्यांच्याबरोबर गेले होते. बाई मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वानखडे मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन. गाड्या गर्जायला लागल्या की बाई पुढे सरकायच्या आणि वळणं घ्यायच्या. प्रत्येक वळणाला त्यांचं कोपर माझ्या बरगडीत. उलट्या वळणाला वानखड्यांच्या. पण वानखडे शांत झोपलेले असत. इंजिनांच्या त्या गोंगाटात तो माणूस तान्ह्या लेकरासारखा झोपायचा. डाक्युमेंटरी संपून खरा सिनेमा सुरू झाला की बाई त्यांना हलवायच्या, "चला हो, झालं." आणि तिघं उठून बाहेर! मागचे लोक म्हणायचे, "अहो, सिनेमा आत्ता सुरू झाला!" बाई म्हणायच्या, "आमचा संपला."

मी वानखड्यांना विचारलं, "तुम्हाला आवडतं का हो हे?"

ते जरा विचार करून म्हणाले, "तिले आवडते ना."

"पण तुम्ही तर झोपता."

"आठवडाभर झोप लागत नाही," ते म्हणाले. "रविवारी लागते."

असं सगळं छान चाललेलं असताना शाळेच्या समितीकडे तक्रार गेली. समितीतल्या नानासाहेबांनीच ती केली होती. मुलींच्या शाळेत मोटारसायकलच्या शर्यती दाखवतात, मुलींची मनं बिघडतात, असल्या बाईंकडून कसले संस्कार होणार. "असल्या बाई" या दोन शब्दांत काय होतं ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं. बाईंची नोकरी अजून कायम झाली नव्हती. एका ठरावाने त्या घरी गेल्या असत्या.

मी घाबरले. मोठ्या बाईही घाबरल्या. त्या पुण्याकडच्या, शिस्तीच्या, पण मनाने सरळ. त्यांनी बाईंना बोलवून सांगितलं, "वानखडेबाई, क्षमा मागून टाका. पुढे दाखवणार नाही म्हणा. मी सांभाळून घेते."

बाई म्हणाल्या, "मोठ्या बाई, पोरी नापास झाल्या असत्या त मी पाय धरले असते. नववी-दहावीत गणितात एकही नापास नाही. मंग क्षमा कायची मागू?"

बाहेर आल्यावर मात्र व्हरांड्याच्या कठड्याला टेकून त्या उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "नोकरी गेली त अकोल्याले जाईन नलू. हे तिथं आहेतच. पन पोट्ट्या काय समजतीन? बाई काहीतरी वंगाळ दाखवत होती असंच ना? ते नाही सोसवत मले." त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा एकदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीला एकच विनंती केली. ठरवायच्या आधी फिल्म पाहा.

समिती आली. अध्यक्ष दादासाहेब, सरकीचे व्यापारी, भलेमोठे गृहस्थ, मिशा कानापर्यंत. नानासाहेब, आणि आणखी दोघं. सभागृहाच्या खिडक्यांना पुन्हा घोंगड्या लागल्या. मुलींना आत येऊ दिलं नव्हतं, पण घोंगड्यांच्या फटींत बाहेरून डोळेच डोळे होते. आम्ही शिक्षिका मागे भिंतीला लागून उभ्या. रहीमभाईंनी घाईघाईत फिल्म चढवली. कदाचित म्हणूनच, अर्ध्यावर, गाड्या डोंगराच्या वळणावर आलेल्या असताना फिल्म तटकन तुटली.

पडदा पांढरा झाला. रहीमभाई "माफ करना साब, माफ करना" म्हणत दिव्याच्या उजेडात तुकडे जोडायला बसले. नानासाहेब खाकरले. "पुरे झालं की. दिसलं जे दिसायचं ते."

आणि अंधारातून बाईंचा आवाज आला. "नाही जी. अजून काहीच नाही दिसलं."

त्या पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. प्रोजेक्टरचा पांढरा झोत त्यांच्या लुगड्यावर पडला होता.

"तो डोंगर आहे ना," बाई म्हणाल्या, "चिखलदऱ्याच्या घाटाएवढा समजा. वरतं धुकं. समोरचं कायी दिसत नाही. अन् हा गडी उतरून राह्यला खाली, अशा वेगानं का डोळ्यातलं पाणी कानात जाते." त्या वाकल्या. हातांनी हँडल धरलं. "पुढं पूल. पुलावर गाडी जमीन सोडते. दोन्ही चाकं हवेत! आता आईचं नाव आठवाचं का देवाचं? काहीच नाही. आता फक्त सरळ राह्याचं. वाकडा झाला का गेला." त्या क्षणभर थांबल्या. खरंच क्षणभर सगळं सभागृह हवेत होतं. "टेकली! पन लगेच उजवं वळन..."

दादासाहेब उजवीकडे कलले. मी पाहिलं. त्यांची खुर्ची करकरली.

बाई सांगत गेल्या. जोडगाडीवाला लटकणारा आला. लोकर विणणारी म्हातारी आली, तिथे नानासाहेबांच्या शेजारचे गृहस्थ मोठ्याने हसले. मागे रहीमभाईंनी फिल्म जोडून हात वर केला. "साब, तय्यार आहे."

"थांबा हो," दादासाहेब मागे न पाहता म्हणाले. "बाईंचं होऊ द्या."

मग बाईंनी तो ढकलणारा सांगितला. इथे त्यांचा आवाज खाली आला. हातवारे बंद झाले. सुटलेला बूट सांगितला, चढ सांगितला, बाजूला उभे असलेले लोक आपापल्या घरी जायला निघालेले सांगितले. "कोनी पाहून नाही राह्यलं. बक्षीस गेलं, नंबर गेला. तरी ढकलते. काहून ढकलते? निंगालो ना घरून, मंग पोचलो पाह्यजे, म्हनून." आणि त्या थांबल्या.

"मग?" दादासाहेबांनी विचारलं. "पोचला का?"

"फिल्मात नाही जी ते."

"नाही म्हणजे?"

"कंपनीनं दाखवलंच नाही. लगेच बँड वाजते."

"हे काही बरोबर नाही!" दादासाहेब खुर्चीवरून अर्धे उठले. "माणसाला अर्ध्या चढावर सोडतात का? ओ ऑपरेटर, पोचला का तो?"

रहीमभाईंनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा दादासाहेबांकडे. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "पहुँच गया साब. मैंने ऑफिस में पूछा था. शाम हो गई थी, मगर पहुँच गया."

"वा!" दादासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "वा रे गड्या!"

रहीमभाईंनी कुठल्याही ऑफिसात विचारलेलं नव्हतं. बाईंना ते कळलं होतं, आणि त्या त्यांच्याकडे पाहून इतक्या गोड हसल्या की बिचारे परत तुकडे जोडायला लागले, जोडलेलेच.

नंतर फिल्म पुन्हा पहिल्यापासून लागली. दादासाहेबांनी दार उघडायला लावून मुलींना आत घेतलं. नानासाहेब तक्रारीबद्दल काही म्हणायला लागले तेव्हा दादासाहेब म्हणाले, "नाना, नीट पाहू दे." बाईंची नोकरी त्याच उन्हाळ्यात कायम झाली. नानासाहेब काही बदलले नाहीत. बाईंच्या नमस्काराला ते शेवटपर्यंत नुसतं हूं करत. बाईही शेवटपर्यंत नमस्कार करत राहिल्या. "त्यायचं हूं त आहे ना, तेवढं पुरे," म्हणायच्या.

पुढे काही वर्षांनी त्यांना अकोल्याच्या शाळेत जागा मिळाली. बदली त्यांनीच मागितली होती. निरोपाच्या दिवशी मुली रडल्या, मोठ्या बाई रडल्या, आणि बाई सगळ्यांना "अवं, मी काय विलायतेले चालली का? अकोला तं आहे" असं म्हणत पाठीवर थापटत फिरल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अकोल्यातच. बहिणीकडे गेले होते. रविवार होता, बाईंचा निरोप आला, "फिल्म आहे. रंगीत आहे. ये."

तोवर आम्ही सगळ्या शर्यती काळ्या-पांढऱ्या पाहिल्या होत्या. पडद्यावर पहिलं दृश्य आलं आणि मी बरगडी सांभाळून बसले. पण कोपर आलंच नाही. बाई हलल्याच नाहीत. तेच बेट होतं, त्याच दगडी भिंती, पण भिंतींपलीकडे उतारच्या उतार हिरवे, मागे निळा समुद्र, आणि रस्त्याकडेला कुंपणावर पिवळी फुलं. गाड्या येत होत्या, जात होत्या. बाई गाड्यांकडे पाहत नव्हत्या. वानखडे त्या दिवशी जागे होते.

बाहेर आलो तेव्हा टळटळीत ऊन होतं. समोरून सरकीच्या गाड्या चालल्या होत्या, रस्ताभर धूळ. बाई टॉकीजच्या पायरीवर थांबल्या. डोळे बारीक करून रस्त्याकडे पाहत राहिल्या.

"काय झालं बाई?" मी विचारलं.

"काही नाही व. तिथं एवढं हिरवं असन असं वाटलंच नोतं." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "इतके वर्षं पाह्यलं, अन् आज दिसलं."

मला गाडी गाठायची होती. मी रिक्षात बसले. बाईंनी रिक्षावाल्याला "हळू ने रे" म्हणून बजावलं आणि मला पिशवीतली संत्री दिली. रिक्षा निघाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. त्या काळी अकोल्याच्या बाजारात नवरा चार पावलं पुढे आणि बायको मागे अशी चालायची रीत होती. भर दुपारी, भर रस्त्यातून, ओळखीच्या दुकानांसमोरून वानखडेबाई नवऱ्याचा हात धरून चालल्या होत्या. काहीतरी सांगत होत्या, मोकळा हात उंच करून डोंगर दाखवत होत्या, आणि तो उंच, कमी बोलणारा माणूस मान खाली वाकवून ऐकत होता, आणि हसत होता.